मधला डबा

"मधला डबा काढून टाकला तर बिघडतं काय, एवढंच मला सांगा."

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

बाबालालचाचा एका इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पोटात सोल्डर करत होते. धुराची बारीक रेघ त्यांच्या चष्म्यावरून वर गेली.

मिरजेत सतारी आणि तंबोरे करणाऱ्यांची गल्ली आहे. तिच्या टोकाला, जिथे गच्च्यांवर भोपळे वाळत घातलेले असतात, तिथे चाचांचं दुकान. पाटी नाही. पन्नास वर्षं तिथे अँप्लिफायर तयार झाले. आता नवे होत नाहीत, फक्त जुने दुरुस्त होतात. चाचांचा उजवा हात थरथरतो. सोल्डर करताना मात्र थरथरत नाही.

"चाचा…"

"ऐकू येतंय."

शार्दूल खटावकर पुण्याहून सकाळच्या गाडीने आला होता. वय एकोणतीस, इंजिनियर. वाट पाहायची त्याला सवय नव्हती. बाकड्यावर त्याच्यासमोर दोन डबे ठेवलेले होते, दोन्ही चाचांनी तीस-बत्तीस वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांसाठी बनवलेले. एक पॉवर अँप्लिफायर, अठरा किलोचा. स्पीकरला ताकद देणारा. दुसरा त्याच्या आधी लावायचा प्रीअँप, पुढे आवाजाचं एकच मोठं बटण असलेला. शार्दूल त्याला मधला डबा म्हणत होता, आणि म्हणताना त्याच्याकडे बघत नव्हता.

त्याला पहिला हवा होता. दुसरा नको होता.

कारणही त्याच्याकडे तयार होतं. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारा एक छोटा डबा त्याने आणला होता. डॅक म्हणतात त्याला. त्यातच आवाज कमीजास्त करायची सोय असते. मग डॅकची वायर सरळ पॉवर अँप्लिफायरला जोडावी. मध्ये आणखी एक डबा कशाला? प्रत्येक डबा आवाजात थोडी घाण मिसळतो. वाट जितकी छोटी, आवाज तितका शुद्ध. याविषयी त्याने दोन वर्षं वाचलं होतं. जगभरच्या अनोळखी माणसांशी भांडला होता. बहुतेक भांडणं जिंकला होता.

हे सगळं त्याने चाचांना एका दमात सांगितलं.

चाचांनी सोल्डरगन खाली ठेवली.

"शुद्ध पाहिजे?"

"हो."

"मध्ये काही नको?"

"काहीच नको."

"मग वायर पण मध्येच येते की."

शार्दूल हसला नाही. "वायर लागतेच, चाचा."

"स्पीकर पण मध्येच. खोलीतली हवा. तुमचा कान."

"हा वाद झाला. मी तांत्रिक विचारतोय."

"मी पण तेच," चाचा म्हणाले, आणि तंबोऱ्याचं झाकण लावू लागले.

तंबोरा सुरू झाला. गिऱ्हाईक घेऊन जाईपर्यंत ते तो वाजतच ठेवत. एकदा गल्लीतल्या कुणीतरी त्यांना छेडलं होतं की गाणारं कोणी नसताना सूर कुणासाठी? दुकानात दुसरं कोणीतरी असल्यासारखं वाटतं, एवढंच ते म्हणाले होते.

*

चाचांनी पुण्यातल्या घराचं विचारलं. कुठं ऐकता? किती मोठी खोली? समोर काय, मागं काय?

शार्दूलने उत्साहाने सांगितलं. खोली चौदा बाय अकरा. पडदे जाड. दोन स्पीकर, आणि त्यांच्यापासून बरोबर मोजून ठेवलेली एक खुर्ची. जमिनीवर तिच्या पायांच्या जागी त्याने चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. त्या जागी बसलं तरच आवाज खरा ऐकू येतो. चार बोटं इकडेतिकडे झालं की बिघडतं.

"आणि दुसरं माणूस आलं तर? कुठं बसतं?"



"दुसरी खुर्ची नाहीये."

"बरं."

"ठेवली तर आवाज तिच्यावर आपटून येतो."

"बरं, बरं."

"तसंही… येत नाही कोणी."

चाचांनी मान हलवली. तंबोरा वाजत राहिला.

शार्दूलने घड्याळ पाहिलं. साडेपाचची गाडी गाठायची होती. सकाळी गाडी सांगलीला थांबली, तेव्हा तो प्लॅटफॉर्म नसलेल्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसला होता. सांगलीत त्याचे वडील होते, स्टेशनपासून दहा मिनिटांवर. चार महिने त्यांचं त्याच्याशी बोलणं नव्हतं. मागच्या आठवड्यात फक्त एक मेसेज आला होता.

*अँप्लिफायर मिरजेला मुतवल्लींकडे आहे. हवा तर घेऊन जा. मला उपयोग नाही.*

मुतवल्ली म्हणजे चाचा. पुढे नाव नाही, मागे नाव नाही. खटावकर सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. फळ्यावर समीकरण लिहायचे आणि कळलं का, असं कधी विचारायचे नाहीत. मेसेजही तसाच.

शार्दूलने उत्तर पाठवलं नव्हतं. अँप्लिफायर उचलायचा, सरळ परतायचं, असं त्याने ठरवलं होतं. सांगलीला उतरायचं नाही. परत जाताना सांगली लागेल तेव्हाही नाही.

*

"लावून बघू," चाचा अचानक म्हणाले.

"काय?"

"तुमचं सरळ. मध्ये काही नको ते."

शार्दूलला हे अपेक्षित नव्हतं. म्हातारा नाहीच म्हणणार, मग आपण समजावणार, असं तो सकाळपासून मनात घोळवत आला होता.

चाचांनी अँप्लिफायरची पिन भिंतीवरच्या लाकडी बोर्डात घातली. मग मागच्या फळीवरून एक स्पीकर काढला. तो उचलताना त्यांनी दोन्ही हात लावले. त्याचा कागदी पडदा त्यांनी स्वतः, आपल्या हाताने बनवलेला होता. असे दोनच उरले होते. आता बनणार नव्हते.

"दुसरा कुठला नाही का? साधा?" शार्दूलने विचारलं.

"तुमचा विश्वास आहे ना?"

"आहे."

"मग हाच असू दे."

शार्दूलने लॅपटॉप उघडला, डॅक जोडला, आवाज वीस टक्क्यांवर ठेवला आणि चाचांना दाखवला. वीस. चाचांनी पुढे वाकून आकडा वाचला आणि तंबोरा बंद केला.

दुकान एकदम मोकळं झालं. बाहेर कोणीतरी लाकूड घासत होतं.

चाचांनी अँप्लिफायर सुरू केला. बोर्डावरचा एक साधा पिवळा बल्ब भक्कन पेटला आणि लगेच मंदावत जवळजवळ विझला. शार्दूलचं लक्ष स्पीकरकडे होतं.

त्याने सारंगी लावली. जुनं ध्वनिमुद्रण, वाजवणारा कोण ते माहीत नसलेलं.

आवाज आला तो कुठूनही आला नाही. नुसता होता. गज तारेवर टेकतानाचा श्वास ऐकू येत होता. दोन सुरांच्या मध्ये जी जागा होती ती काळीभोर होती. तिच्यात एक कणही नव्हता.

चाचांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

शार्दूल बघतच राहिला.

"खोटं कशाला सांगू. माझ्या डब्यातनं एवढं स्वच्छ येत नाही. कधीच आलं नाही."

जिंकल्यावर जे वाटायला हवं होतं ते शार्दूलला वाटलं नाही. त्याने आणखी एक ध्वनिमुद्रण ऐकवायचं म्हटलं. सारंगी संपली होती आणि लॅपटॉप तोवर झोपी गेला होता. त्याने लॅपटॉपमधून डॅकची वायर काढून पुन्हा घातली, म्हणजे तो जागा होईल. झालाही.

त्याने की दाबली.

जे आलं त्याला आवाज म्हणता येत नव्हतं. छातीवर कुणी फळी मारावी तसं काहीतरी आलं. फळीवरचे स्क्रू उडाले. त्याच क्षणी भिंतीवरचा बल्ब डोळे दिपवत पेटला, आणि तो पेटला तसा आवाज बसला, घुसमटला, घरघरत खाली गेला. चाचांनी पिन ओढली.



समोरच्या दुकानातून सतारी करणाऱ्या निजामभाईंचा आवाज आला. "चाचा… आहात का गेला?"

"आहे," चाचा ओरडले. "चहा सांगा तीन."

लॅपटॉपवर वीसच्या जागी शंभर दिसत होतं. वायर काढून घातली की डॅक मागचं सगळं विसरतो आणि पुरा उघडतो, हे त्याने कुठेतरी वाचलंही होतं. दोन वर्षांत वाचलेल्या हजार गोष्टींपैकी एक.

त्याने स्पीकरकडे पाहायचं टाळलं. चाचांनी दोन बोटांनी कागदी पडदा हलकेच दाबला. कान जवळ नेला. पुन्हा दाबला.

"वाचला."

"कसा?"

चाचांनी हनुवटीने बल्ब दाखवला.

दुरुस्तीच्या प्रत्येक जुन्या दुकानात असा एक बोर्ड असतो. वीज आधी बल्बमधून जाते, मग यंत्रात. यंत्राने नको इतकी ओढली की बल्ब पेटतो, ओढ स्वतःवर घेतो, आणि पुढचं जळत नाही. अगदी साधी गोष्ट. शार्दूलला ती पुस्तकातून माहीत होती. भिंतीवर त्याने तिला ओळखलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं हे होणार?"

"नाही हो. पंचवीस वर्षांत हा तिसऱ्यांदा पेटला असेल असा."

"मग लावला का?"

"रोजच लावतो."

"म्हणजे एरवी तो काही करत नाही."

"काही नाही," चाचा म्हणाले. "सगळं नीट चाललं असलं की विझलेलाच असतो. येणारा माणूस विचारतो, चाचा, हा फुकटचा बल्ब कशाला ठेवलाय?"

*

चहा आला. एक कप निजामभाईंकडे गेला.

शार्दूल मात्र गप्प बसणारा नव्हता. चहा संपता संपता त्याने पुन्हा सुरुवात केली. हा सॉफ्टवेअरचा दोष होता. एक सेटिंग बदललं की पुन्हा होणार नाही. एका अपघातावरून तत्त्व खोटं ठरत नाही.

"बरोबर आहे," चाचा म्हणाले.

"मग मधला डबा लागतोच असं नाही."

"मी कुठं म्हणालो लागतोच?"

"मग तुमचं म्हणणं काय आहे?"

चाचांनी कप खाली ठेवला. मधला डबा पुढे ओढला, चार स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं. आतून आवाजाचं बटण सोडवलं आणि त्याच्या पाठीवरची पत्र्याची टोपी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने उचकटली. आत एक काळी गोल पट्टी होती, तिच्यावरून फिरणारी एक बारीक पितळी जीभ. जीभ जिथे थांबते तेवढा आवाज.

त्यांनी भिंग शार्दूलच्या हातात दिलं.

"बघा."

शार्दूलने पाहिलं. पट्टी सगळी काळी, जवळजवळ नवी. पण सुरुवातीला, शून्याच्या थोडं पुढे, बोटाच्या नखाएवढ्या जागेत ती घासून चकचकीत झाली होती. फक्त तेवढ्याच जागेत. तीस वर्षं जीभ तिथल्या तिथे मागेपुढे फिरली होती.

"एवढ्या हळू कोण ऐकायचं?" त्याने विचारलं.

"मी काय सांगणार. डबा तुमच्या घरी होता."

"बाबा मोठ्याने लावायचे. खिडक्या थरथरायच्या. आणि मी लावला की…"



त्याला आईचा हात दिसला. पिठाने भरलेला. मनगटाने बटण मागे ढकलणारा, बोटं डब्याला लागू न देता. बाबा खोलीत असतील तर त्याच्यासाठी. तो खोलीत असेल तर बाबांसाठी. काही न बोलता, जाता जाता.

चाचा मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"वहिनींच्या दहाव्याला आलो होतो मी," ते म्हणाले. "तुम्ही लांब उभे होता."

"हो."

"सर पण लांब उभे होते. दुसऱ्या टोकाला."

त्याला सव्वा वर्ष होऊन गेलं होतं.

मंदाकिनी खटावकर हयात होत्या तोवर पुण्यातला मुलगा आणि सांगलीतला बाप एकमेकांशी कधी सरळ बोलले नव्हते. गरज पडत नसे. रविवारी फोन यायचा. आई म्हणायची, बाबा विचारत होते, तिकडे थंडी आहे का. बाबा म्हणत होते, जागरणं करू नकोस. मागून बाबांचा आवाज ऐकू यायचा, तो काहीतरी वेगळंच बोलत असायचा, त्या गाढवाला सांग, वगैरे. पण फोनमध्ये यायची ती थंडी आणि जागरणं. त्याच्याकडूनही जे जायचं ते असंच काहीतरी होऊन जात असावं. त्याने कधी विचारलं नाही. आता विचारता येत नव्हतं.

वर्षश्राद्धाला तो गेला. गुरुजी गेले, पाहुणे गेले, घरात दोघेच उरले. आयुष्यात पहिल्यांदा. त्याला आठवत होतं, सुरुवात वाटीवरून झाली होती. आईची चांदीची वाटी कुठे ठेवायची यावरून. तिसऱ्या वाक्याला बाबा म्हणाले, तू आला नसतास तरी चाललं असतं. चौथं वाक्य त्याचं होतं. ते त्याला कोणालाही सांगायचं नव्हतं. पाचवं झालंच नाही. रात्रीची जेवणं व्हायच्या आतच तो निघाला.

चार महिने.

यातलं त्याने चाचांना फारच थोडं सांगितलं. अर्धं वाक्य, मग आणखी अर्धं. चाचांनी मध्ये काही विचारलं नाही. सांगून झाल्यावरही नाही.

"पॉवरला काय झालं होतं?" शार्दूलने शेवटी विचारलं, विषय बदलायला म्हणून.

"कुठल्या?"

"पॉवर अँप्लिफायरला. दुरुस्तीला का टाकला?"

"त्याला काहीच झालं नव्हतं."

"मग?"

"या मधल्याचं बटण खरखरत होतं, तेवढंच. वर्षभर कुणी हात लावला नाही की खरखरतं. रोज फिरत होतं तोवर कधी तक्रार नाही."

"पण मग बाबांनी दोन्ही…"

"रिक्षातनं स्वतः घेऊन आले. मांडीवर एक, पायाशी एक. मी म्हटलं, सर, हा अठरा किलोचा कशाला आणलात, याला काय झालंय, परत घेऊन जा." चाचांनी टोपी बटणाच्या पाठीवर पुन्हा बसवली. "म्हणाले, असू दे इथं. पोरगं येईल न्यायला."

शार्दूल भोपळ्यांकडे बघत राहिला. समोरच्या गच्चीवर ते ओळीने वाळत पडले होते. पुढे त्यांचे तंबोरे होणार होते. आता नुसतेच पोकळ होते.

पाच वाजायला आले होते.

*

चाचांनी बटण परत जागेवर घातलं. मधल्या डब्याच्या एका बाजूला डॅक जोडला, दुसऱ्या बाजूला पॉवर अँप्लिफायर. पिन पुन्हा त्याच बोर्डात. बल्ब भक्कन पेटला, मंदावला. या वेळी शार्दूलने तो विझेपर्यंत पाहिलं.

"फिरवा," चाचा म्हणाले.

"काय?"

"बटण. शून्यापासून वर, वरून शून्यावर."

शार्दूलने फिरवलं. स्पीकरमधून खर्रर्र असा आवाज आला. वाळूत बूट घासावा तसा. त्याने दचकून हात मागे घेतला.

"बिघडलंय हे."

"फिरवा."

"बदला ना बटण. नवीन घाला. किंवा तो स्प्रे मिळतो…"

"स्प्रे मारलाय. महिनाभर बरं राहतं त्याने, मग पुन्हा. याला हातच लागतो." चाचांनी दुसरा एक नादुरुस्त तंबोरा पुढे ओढला आणि त्याचे स्क्रू काढायला घेतले. "शंभर वेळा. मोजू नका, तुमची गाडी चुकेल."

शार्दूलने दात आवळले आणि फिरवू लागला. खर्रर्र. खर्रर्र. दर वेळी तितकंच. हा काय मूर्खपणा, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शहाण्या माणसांनी चाळीस वर्षं ज्यावर उपाय शोधले ते हा म्हातारा हाताने घासून काढतो.

पण हात फिरत राहिला.

विसाव्या-पंचविसाव्या वेळेला खरखर थोडी तुटक झाली. मध्ये एक मऊ जागा लागली, मग पुन्हा खरखर. ती मऊ जागा सुरुवातीला होती. शून्याच्या थोडं पुढे. नखाएवढी.

त्या जागेवर त्याचा अंगठा थांबला, पुढे गेला, परत आला.

त्याने डाव्या हाताने खिशातून फोन काढला. बराच वेळ नुसता धरला. मग नाव न शोधता आकडे दाबले. लहानपणापासून पाठ असलेले.

घंटा वाजत राहिली. सहा. सात.

"हं," पलीकडून आवाज आला.

"मी."

"दिसतंय."

उजवा हात बटण फिरवत होता. खर्रर्र.

"मिरजेत आलोय. मुतवल्लींकडे."

"बरं."

"अँप्लिफायर न्यायला."

"मग ने की. त्यात मला काय सांगायचंय? तो आवाज कसला चाललाय मागे?"

स्वर तोच होता. मागून ऐकू येणारा, गाढवाला सांग म्हणणारा. फक्त आता मध्ये काही नव्हतं. शार्दूलच्या कानशिलात चौथं वाक्य जागं झालं. ओठांपर्यंत आलं.

त्याचा उजवा हात थांबला.

फोनमध्ये कोणी काही बोलेना. फोन कोणी ठेवतही नव्हतं. फक्त एका घरातला पंखा फिरल्याचा आवाज येत होता.

शार्दूलने चाचांकडे पाहिलं.

चाचांनी मान वर केली नाही. ते तंबोऱ्याच्या पोटात काहीतरी शोधत होते.

"अजून खरखर आहे," ते म्हणाले. "हात थांबवू नका."